गवत कापायचा दिवस

जळगाव

जळगाव स्टेशनवर उतरणारे परगावचे लोक बहुतेक अजिंठ्याला जायला उतरतात. माझी बॅग, छत्री आणि गॉगल पाहून रिक्षावाल्याने तेच गृहीत धरलं आणि लेण्यांपर्यंतच्या गाडीबद्दल बोलायला सुरुवात केली. मला इथल्याच पिंप्राळ्याला जायचंय म्हटल्यावर त्याचा उत्साह मावळला. "पिंप्राळ्यात काय पाहणार तुम्ही?" तो म्हणाला. मी बॅग आत टाकून बसले. मार्च नुकता लागला होता आणि सकाळी नऊलाच ऊन डोक्यात शिरत होतं.

मी सरकारी नोकर आहे. देशातली विमानं सुरक्षित उडतात की नाही हे पाहणाऱ्या खात्याच्या मुंबईच्या कार्यालयात बसते. विमान चालवत नाही, दुरुस्त करत नाही. माझं काम धोके मोजायचं. घरात मला यावरून पुष्कळ चिडवतात, आणि गॅसवर दूध ठेवून मी ते विसरले की त्यांना जास्तच चेव येतो.

ज्यांचा या कामाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुठल्याही विमानतळावरून किंवा विमान शिकवणाऱ्या शाळेतून कुणीही आम्हाला लिहू शकतं की इथे अमुक गोष्ट धोक्याची आहे. वैमानिक लिहू शकतो, झाडूवालाही लिहू शकतो. लिहिणाऱ्याचं नाव आम्ही फोडत नाही. नोंद आली की तिला नंबर पडतो आणि मग आम्ही दोन प्रश्न विचारतो: हे घडण्याची शक्यता किती, आणि घडलंच तर नुकसान केवढं. शक्यतेला एक ते पाचमधला आकडा, पाच म्हणजे सर्वांत जास्त; नुकसानीला ए ते ईमधलं अक्षर, ए म्हणजे सर्वांत मोठं. दोन्ही जिथे मिळतात तो तक्त्यातला चौकोन लाल असतो, पिवळा असतो किंवा हिरवा. लाल म्हणजे थांबवा, पिवळा म्हणजे उपाय करा, हिरवा म्हणजे चालू द्या. उपाय झाला की पुन्हा मोजायचं, आणि हिरवा आला की नोंद बंद करायची.

हर्षालीची नोंद मी अशीच बंद केली होती. (तिचं खरं नाव वेगळं आहे. हे सगळं लिहायला तिने परवानगी दिली आहे.)

ती धुळ्याच्या पलीकडे एका धावपट्टीवर विमान शिकत होती. धावपट्टीचं नाव मी इथे देत नाही. तिने तीन ओळी लिहिल्या होत्या. गवत कापतात त्या दिवशी धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला घारी फार येतात, त्या दिवशी उड्डाणं बंद ठेवावीत, असं. मी 'तीन सी' दिलं, चौकोन पिवळा आला. शाळेला विचारलं, उपाय काय करता? शाळेने उत्तर दिलं की गवत आखूड ठेवू, फटाके वाजवून पक्षी उडवू, आणि सोबत कापलेल्या गवताचा फोटो जोडला. मी पुन्हा मोजलं. 'दोन डी'. हिरवा. नोंद बंद, खाली माझी सही.

नंतर दिवाळी झाली, आणि गवत कापायच्या एका दिवशी हर्षाली एकटीच विमान घेऊन उतरायला येत असताना एक घार पुढची काच फोडून आत आली. काचेने तिचा उजवा डोळा गेला. तशाच अवस्थेत तिने विमान धावपट्टीवर नीट उतरवलं. शाळेने आपली आपण चौकशी केली आणि लिहिलं की प्रशिक्षणार्थीने बाहेर पुरेसं लक्ष ठेवलं नाही.

त्या धावपट्टीचा धोका आता नव्याने मोजायचा होता. माझे साहेब म्हणाले, फोनवर होईल. मी म्हटलं, मी जाते. बॅगेत ती जुनी नोंद होती आणि तिच्याखालची माझी सही होती. या मुलीला भेटून सांगायचं की बंद करणारी मीच, एवढं ठरवून मी निघाले होते. ती घरी माझी वाट पाहत होती, कारण ऑफिसातून कुणी मॅडम जबाब घ्यायला येणार एवढं तिला कळवलेलं होतं.

पिंप्राळ्यातलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, खाली किराणा दुकान, जिन्यात तीन स्कूटर. हर्षालीचे वडील मुक्ताईनगरकडचे केळीवाले. पोरीच्या शिक्षणासाठी शहरात या खोल्या घेतलेल्या. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, म्हणून मीही भाऊच म्हटलं. त्यांनी माझी विचारपूस केली, गाडीत जागा मिळाली का, सांगलीकडे ऊस कसा आहे. आमच्याकडे सांगलीला पाहुणा बसला की पहिल्या पाच मिनिटांत 'काय काम काढलं' असं विचारतात. इथे पाहुण्याच्या पोटात काही गेल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. मला ती पाच-दहा मिनिटं फार बरी वाटली, कारण मला बोलायचंच नव्हतं.

चहा हर्षालीने आणला. बावीस-तेवीसची, सडपातळ, केसांची घट्ट वेणी. उजवा डोळा काचेचा आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. पण चहा ओतताना तिने किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवली, टेकल्याची खात्री केली आणि मग किटली कलती केली. एका डोळ्याला अंतर कळत नाही. मी तिच्या हाताकडे पाहत राहिले. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "पहिल्या महिन्यात सगळा चहा बशीबाहेर जायचा, मॅडम. आता जमतं."

भाऊ तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "लहानपनापासून लक्ष देऊन काम करे ती. मले वाटे, पोरगी पायलट व्हईल. येवढी मोठी घार, मॅडम. तिले दिसली कशी नाही?"

हर्षाली ट्रे उचलून आत गेली. तिची आई दारात उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "शाळेचा कागद आला तवापासून हे तिच्याशी बोलत नाहीत. जेव म्हनतात, झोप म्हनतात. बाकी काही नाही." भाऊंनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

मी जबाबाचे प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. उंची किती, वेग किती, सूर्य कुठल्या बाजूला होता. ती इतकं नेमकं सांगत होती की मला लिहून घ्यायला वेळ पुरेना. तिच्या नोंदीनंतर त्या धावपट्टीवरून आमच्याकडे पक्ष्यांबद्दल एकही नोंद आली नव्हती आणि आमच्या बैठकीत मी ते उपायाचं यश म्हणून दाखवलं होतं. नंतर कुणी का लिहिलं नाही, असं मी तिला विचारलं.

"माझ्या नोंदीचं उत्तर आलं ना, बंद केली म्हणून," ती म्हणाली. "मग मुलं म्हणायला लागली, कशाला लिहायचं? तिकडे सगळं हिरवं आहे."

निघताना ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. दुकानदार खाली गोणी रचत होता. ती म्हणाली, "मॅडम, मला परत उडायला मिळणार नाही, ते मला माहीत आहे. मेडिकलचं पत्र आलं. त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही. फक्त तुमच्या ऑफिसने पप्पांना एकदा सांगावं की माझी चूक नव्हती. ते छापील कागद खरा मानतात. शाळेचा मानला, तसा तुमचाही मानतील."

मी म्हटलं, बघते.

"आणि एक विचारू? माझी नोंद तिथे कुणी वाचली होती का?"

"वाचली होती," मी म्हणाले. कोणी वाचली ते सांगितलं नाही. बॅग खांद्यावर होती, कागद आत होता, आणि मी नुसती जिना उतरले. वरून भाऊंनी आवाज दिला, परवा मळ्यात या, भरीत करू, वांगी संपत आलीत. मी येते म्हटलं. इतका भित्रेपणा मी शाळेत असतानाही कधी केला नव्हता.

धुळे

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याकडे निघाले. गाडी नानांची. नाना साठीचे, जळगावातच जन्म गेला, गाडीत टेप बंद आणि तोंड सुरू. एरंडोल मागे पडलं तरी ते कापसाबद्दलच बोलत होते. दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती, काही शेतांत उपटून तिचे ढीग लावलेले. आमच्याकडच्या हिरव्या उसाला सरावलेल्या डोळ्यांना हा मुलूख आधी ओसाड वाटतो. तासाभराने त्यातले रंग दिसायला लागतात.

"मॅडम, तुम्ही इमान चालवता का?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. विमानांचे धोके मोजते."

"मोजल्यानं कमी व्हतात का?"

"मोजले की उपाय करता येतो."

"उपाय कोन करतं?"

"ज्यांचं विमान, ते."

"आन् केला का नाही, ते कोन पाहतं?"

"आम्ही."

"जाऊन?"

"कधी कधी," मी म्हणाले. नानांनी हात पुढे करून टेप लावला. जेवायला थांबेपर्यंत तो वाजत होता.

पारोळ्याच्या अलीकडे जेवायला थांबलो. आम्ही सांगली-कोल्हापूरचे लोक तिखटाचा तोरा मिरवतो. ढाबेवाल्याने "शेवभाजी कमी तिखट देऊ का?" असं विचारलं तेव्हा मला तो अपमान वाटला. आहे तशीच आणा म्हटलं. लालभडक रस्सा, वर जाड शेव, बाजूला ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. चौथ्या घासाला उचकी लागली, सहाव्याला डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि नाना शांतपणे माझ्यासमोर ताकाचा ग्लास सरकवत राहिले. ढाबेवाला गल्ल्यामागून हसत होता. दिवसभरात मला हसू आलं ते तेवढंच.

धावपट्टी मी पहिल्यांदाच पाहत होते. कागदावर तिला मी दोन वर्षं ओळखत होते, लांबी, रुंदी, दिशा, सगळं. प्रत्यक्षात ती माळावरची एक काळी पट्टी होती, दोन्हीकडे वाळलेल्या गवताची खुंटं आणि लांबवर टेकड्या. एक छोटं विमान फेऱ्या घालत होतं. शाळेचे व्यवस्थापक अदबीने पुढे आले. तिशीतला माणूस, शर्टाला घामाचे डाग, हातात रजिस्टर. रजिस्टरात गवत कापल्याच्या नोंदी होत्या, दर पंधरा दिवसांनी एक, एकही चुकलेली नाही. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण आणि फोटो चिकटवलेला.

मी धावपट्टीच्या कडेने पूर्वेच्या टोकाकडे चालत निघाले. शंभरेक पावलं गेले असेन, एवढ्यात एक टिटवी ओरडत माझ्या डोक्यावर झेपावली. मी फाइल डोक्यावर धरली. ती पुन्हा वळून आली, आणि मी साडी सावरत, एक चप्पल मागे सोडून पळत सुटले. तिथे काम करणारा एक म्हातारा हात हलवत आला. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल. त्यांना तिथे सगळे आबा म्हणायचे. धावपट्टीची राखण, गवत, फटाके, सगळं त्यांच्याकडे.

"तथा नका जाऊ, मॅडम," ते म्हणाले. "तिना अंडा शेतस तठे."

त्यांनी मला जागा दाखवली. उघड्या मातीत चार ठिपकेदार अंडी, आणि भोवती दगडांचं एक कडं. ट्रॅक्टरवाल्याला दिसावं म्हणून आबांनीच ते मांडलं होतं. माझी चप्पलही त्यांनीच आणून दिली.

मी त्यांना विचारलं, घारी कधी येतात?

"गवत कापं का येतसच. गवतमा टोळ ऱ्हातस, उंदीर ऱ्हातस. टॅक्टर फिरना का बठ्ठा बाहेर पयतस. मंग घार येवाव नही तर काय?"

"पहिल्यापासून असंच आहे?"

"नही. पहिले वरीसमा एकदाव कापेत. पोया झाया का गावना लोके येयेत, दोन दिनमा चारा कापी लयी जायेत. घारी दोन दिन ऱ्हायेत, मंग निंघी जायेत." ते जरा थांबले. "मंग मुंबईथून कागद उना. पंधरा दिनले कापानं म्हने. तैपासून घारीसले सवय लागी गयी. आते टॅक्टरना आवाज उना का येतस."

वर्षातून एकदा पोळ्यानंतर कापायचं ते गवत मुंबईचा कागद आल्यापासून दर पंधरा दिवसांनी कापत होते. मी आबांच्या झोपडीच्या सावलीत जाऊन बसले आणि बॅगेतून तो कागद काढला. तो पुन्हा वाचायची गरज नव्हती.

शाळेने फक्त 'गवत आखूड ठेवू' एवढंच लिहिलं होतं. मला ते मोघम वाटलं. किती दिवसांनी कापणार, असं मी खडसावून विचारलं आणि मंजुरीच्या पत्रात आपल्या हाताने वाक्य घातलं, पंधरवड्यातून किमान एकदा. त्या वेळी मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. बाकीचे अधिकारी आलं ते उत्तर मान्य करतात, मी मात्र नेमकेपणा आणते, असं. आमच्या पुस्तकांत उंच गवत म्हणजे पक्ष्यांना आडोसा, म्हणून उपायांच्या यादीत 'गवत आखूड ठेवणे' हा पर्याय तयारच असतो, आपण फक्त निवडायचा. हर्षालीने कापायच्या दिवसाबद्दल लिहिलं होतं. मी गवत वाचलं आणि यादीतलं गवत निवडलं. उड्डाणं बंद ठेवा हे यादीत नव्हतं. मुंबईहून निघताना मला वाटत होतं की मी एक धोका नीट पाहिला नाही. इथे कळलं की मी तो वाढवला होता, दर पंधरा दिवसांनी, सहीनिशी.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही, आबा?" मी विचारलं.

"सांगं ना. साहेब म्हने, वरथून हुकूम शे. वरले कोन इचारी?"

"आबा, तो कागद माझा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तुमी आठे कधी उन्ही व्हतीत का?"

"नाही. आज पहिल्यांदा."

"मंग तुमले कसं माहीत व्हयी," असं म्हणून ते उठले आणि माठातलं पाणी आणून मला दिलं. त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला. तो दिवस गवत कापायचा होता. मार्चमध्ये कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, नुसती खुंटं होती, पण रजिस्टरात दिवस होता म्हणून ट्रॅक्टर निघाला. त्याने पहिला फेरा पुरा करायच्या आत टेकडीकडून दोन घारी आल्या. मग पाच. मी दहापर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. त्या ट्रॅक्टरच्या मागे मागे खाली उतरत होत्या, वर जात होत्या, आणि ते छोटं विमान त्याच टोकाकडून उतरायला वळत होतं. त्यात कुणीतरी शिकाऊ मुलगा होता की मुलगी, मला दिसत नव्हतं. विमान टेकलं, थांबलं. मी व्यवस्थापकांना हाक मारून रेडिओवर सगळ्या फेऱ्या थांबवायला सांगितल्या आणि उभ्या उभ्या आदेश लिहिला: ज्या दिवशी गवत कापलं जाईल त्या दिवशी उड्डाण होणार नाही, आणि पुढची पाहणी होईपर्यंत गवत कापू नये. लिहायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

व्यवस्थापक आदेश वाचून म्हणाले, "मॅडम, हे तर हर्षाली म्हणत होती." मग त्यांनी मान खाली घातली. मी त्यांना शाळेच्या चौकशीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "काहीतरी कारण लिहायला लागतं. उपाय सगळे केलेले होते, रजिस्टर पूर्ण होतं. मग माणूसच उरतो."

त्यांना बोलायचा मला काय अधिकार होता? मी रजिस्टराच्या पानांचे फोटो घेतले आणि धुळ्याला परतले.

मुक्ताईनगर

सकाळी लॉजच्या टेबलावर बसून मी मराठीत एक पत्र लिहिलं, साध्या भाषेत. प्रशिक्षणार्थीने हा धोका आधीच कळवला होता. तिची नोंद माझ्या सहीने चुकीने बंद झाली. अपघातात तिची चूक नव्हती. शाळेचा शेरा बदलावा, असं मी वर पाठवत असलेल्या अहवालात लिहिलं आहे. खाली नाव, हुद्दा, सही. शाळेच्या शेऱ्याचं पुढे काय व्हायचं ते वरचे ठरवतील, पण हे पत्र माझ्या हातात होतं. गवत महिन्यात दोनदा कापायचं वाक्य माझं होतं, हे मात्र मी पत्रात लिहिलं नाही. ते तोंडी सांगायचं असं मनाला समजावलं.

धुळ्याहून जळगाव आणि तिथून पुढे पूर्वेला, लांबचा पल्ला. जळगाव सोडल्यावर मुलूख पालटतो. केळीच केळी, गाडीत गारवा जाणवतो. मुक्ताईच्या देवळाकडे जाणाऱ्या फाट्यावर नानांनी गाडी थांबवून हात जोडले आणि मलाही जोडायला लावले. मी काय मागितलं ते सांगण्यासारखं नाही.

मळ्यात भरिताची तयारी झाली होती. हिरवी, हातभर लांब वांगी पऱ्हाटीच्या जाळावर टाकलेली, धुराचा वास सगळ्या केळीत पसरलेला. आमच्याकडे वांगं म्हणजे शेंगदाण्याचा कूट घालून भरायचं. इथे ते सालीसकट काळं करतात, सोलतात आणि लाकडी भांड्यात हिरव्या मिरचीबरोबर ठेचतात, वर कांद्याची पात आणि तेल. हर्षालीची आई आणि तिच्या दोन जावा ठेचत होत्या. भाऊ केळीची पानं कापायला गेले होते.

हर्षाली विहिरीच्या काठाला बसून मिरच्यांचे देठ काढत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि एका दमात सांगितलं. तुझी नोंद मी वाचली होती. बंदही मीच केली होती. आणि पंधरा दिवसांनी कापायचं, तेही माझंच होतं. पुस्तक, यादी, 'दोन डी', आबा, ट्रॅक्टर, काहीही लपवलं नाही. ती मिरच्या खुडत राहिली.

मग तिने विचारलं, "आधी वर्षातून किती वेळा कापायचे?"

"एकदा. पोळ्यानंतर."

"म्हणजे मी आधी लिहिलंच नसतं, तर एकदाच कापलं असतं."

मी म्हटलं, तसं नाही गं. पण ते तसंच होतं. मी वाटेत चार-पाच प्रकारचे प्रश्न मनात धरले होते, ती चिडेल, रडेल, तुम्ही का केलं म्हणेल, आणि त्या सगळ्यांची उत्तरं तयार केली होती. हे वाक्य त्यांत नव्हतं. तिच्या मनावरचं ओझं उतरवायला मी आले होते आणि दुसरं, जास्त जड ओझं तिच्या मांडीवर ठेवून बसले होते.

"चूक माझी आहे, हर्षाली," मी म्हणाले. "तू लिहिलंस ते बरोबरच होतं."

"मला माहीत आहे, मॅडम," ती म्हणाली. तिच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं. मिरच्यांचा हात लागला असेल म्हणून तिने तो मनगटाने पुसला. "हे वर्षातून एकदाचं पप्पांना सांगू नका. बाकी सगळं सांगा."

भाऊ पानं घेऊन आले. मी उठून त्यांच्या हातात पत्र दिलं. त्यांनी पानं खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि उभ्यानेच वाचायला लागले, ओठ हलवत, एकेक शब्द. ठेचायचा आवाज थांबला. दुसऱ्या ओळीवर ते अडले.

"ही सही तुमची? बंद केली ती?"

"हो भाऊ. माझी."

त्यांनी कागदावरच्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मंग तुमी येवढ्या दूर आल्या कायले? टपालानं धाडलं असतं."

"टपालाने पाठवणं फार सोपं झालं असतं, भाऊ. म्हणून आले."

त्यांनी पत्राची नीट घडी घातली, खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा पहिली ओळ वाचली. आणि मग चार महिन्यांत पहिल्यांदा ते सरळ आपल्या मुलीकडे वळले.

"म्हंजे तू आंधीच लिहून धाडलं व्हतं."

"हो पप्पा."

"आन् मी तुले म्हने, दिसलं कसं नाही." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, पुसतच राहिले. तिची आई उठून त्यांच्याजवळ गेली, पण त्यांनी तिला हाताने थांबवलं. त्यांना अजून बोलायचं होतं.

"तू बराबर केलं, पोरी," भाऊ म्हणाले. "लिहिलं ते लई बराबर केलं. लिहायलेच पाहिजे व्हतं."

हर्षाली माझ्याकडे पाहणार असं मला वाटलं. तिने पाहिलं नाही. तिने केळीचं पान पुढे ओढलं, त्यावर पाणी शिंपडलं, वडिलांना बसायला सांगितलं.

"हो पप्पा," ती म्हणाली, आणि त्यांच्या पानावर भरीत वाढायला लागली.